घराचा दर्शनी भाग आणि शेजाऱ्याचा शब्द

इ. स. १९०१ चा मुंबई इलाख्याचा जिल्हा म्युनिसिपल कायदा हा रसिक वाचकानें कपाटांतून काढून वाचावा असा ग्रंथ खचित नव्हे. तथापि त्याच्या शहाण्णवाव्या कलमांत इतिहासाच्या अभ्यासकानें क्षणभर थबकावें असे कांहीं शब्द आहेत. नवें घर बांधूं इच्छिणाऱ्यानें म्युनिसिपालिटीस आगाऊ लेखी सूचना द्यावी हें तर त्यांत आहेच. परंतु उभ्या घराच्या बाह्यांगांत फेरफार करणाऱ्यानेंही ती द्यावी असें तेथें म्हटलें आहे. आंत माजघराचें देवघर करा कीं देवघराची कोठी करा, या शब्दांना त्याचें सोयरसुतक नाहीं; ओटा रस्त्याकडे पुढें आला, सज्जा बाहेर डोकावला, कीं अर्ज करावा लागे. जुन्नरास म्युनिसिपालिटी १८६१ पासून आहे; तेव्हां बुधवारपेठेंत काय किंवा जुन्नराच्या एखाद्या आळींत काय, घरमालकाला हा नियम सारखाच लागू झाला.

आपल्या सुशिक्षित वर्गांत अशी एक समजूत आहे कीं, स्वतःच्या भिंतीला खिडकी पाडण्यासाठीं दुसऱ्याची अनुज्ञा मागण्याची ही रीत साहेबानें आणली. तत्पूर्वीं जो तो आपल्या मर्जीस येईल तसें बांधीत असे. ही समजूत आम्हांस मान्य नाहीं. १९०९ सालीं म्हैसूरचे पंडित शामशास्त्री यांनीं कौटिलीय अर्थशास्त्र छापून प्रसिद्ध केलें. त्याच्या तिसऱ्या अधिकरणांत घरांविषयींचें जें प्रकरण आहे, तें वाचतांना एखाद्या गजबजलेल्या आळींतून आपण चाललों आहों असा भास होतो. सांडपाण्याचा पाट शेजाऱ्याच्या भिंतीपासून तीन पदें किंवा दीड हात दूर असावा. दोन घरांच्या वळचणींत चार अंगुळें अंतर ठेवावें, नाहीं तर एक दुसरीवर चढवावी. उजेडासाठीं खिडकी हवी तर ती लहान व उंचावर असावी. समोरच्यास उपद्रव होईल असें दार अथवा गवाक्ष काढणाऱ्यास दंड व्हावा, मात्र मध्यें राजमार्ग असेल तर नव्हे. आणि याच प्रकरणांत, घरमालकांनीं एकत्र जमून आपसांत ठरवावें, हवें तसें बांधावें व नको तें टाळावें, अशीही मोकळीक दिलेली आहे. दंड राजाचा, परंतु करार शेजाऱ्यांचा, ही ती व्यवस्था होय.

त्या काळच्या घरांचीं तोंडें कशीं होतीं हें पाहावयाचें असल्यास जुन्नरकरांस लांब जावें लागत नाहीं. लांकडी घरें कधींच मातीस मिळालीं. पण मानमोडीच्या डोंगरांतील व गणेशलेण्यांतील शिल्पकारांनीं लांकडी कमानी, कठडे आणि तुळयांचीं टोंकें दगडांत जशींच्या तशीं उतरवून ठेवलीं आहेत. दगडाला तुळईची गरज नसते; ती तेथें आहे याचें कारण एवढेंच कीं, चांगल्या वास्तूचा दर्शनी भाग कसा असावा याविषयीं लोकांच्या मनांत एक रूप ठरून गेलें होतें. ह्याच लेण्यांतील एका लेखावरून धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीनें सात खोल्यांचें लेणें व पाण्याची पोढी दान केल्याचें कळतें. पुष्कळांनीं मिळून एक वास्तु ठरविणें हें या गांवाला अपरिचित नव्हतें.

मराठी अमदानींतील खेड्यांत ‘काळी’ म्हणजे शेती व ‘पांढरी’ म्हणजे वस्ती, असे जमिनीचे दोन भाग मानीत. पांढरींतील घराचा तंटा बहुधा पागोळ्यांवरून निघे. यांत हंसण्यासारखें कांहीं नाहीं. नाणेघाट, आहुपें, भीमाशंकर या बाजूस सह्याद्रीचा पाऊस ज्यानें पाहिला आहे त्यास ठाऊक आहे कीं, शेजाऱ्याची वळचण वीतभर पुढें आली तर तिच्या धारेनें आपली मातीची भिंत एका पावसाळ्यांत बसते. पूर्वेकडे ओतूर-नारायणगांव-मंचर या उघड्या मुलुखांत पाऊस कमी, घरें धाब्याचीं. तेथें वळचणीऐवजीं पन्हळ कोणाच्या अंगणांत सोडावी हा वाद. पाटील, कुळकर्णी व गोत जमे, जागा पाही, जुन्या माणसांची साक्ष घेई आणि महजर होई. बाहेरून आलेल्या उपऱ्याला मिरासदाराच्या बरोबरीचा शब्द नसे, हें येथें सांगितलेंच पाहिजे. त्याहून विलक्षण गोष्ट महाराची. शिवेच्या वादांत त्याच्या साक्षीइतकी भारी साक्ष दुसरी नव्हती. गांव कोठें संपतो हें तोच सांगे. परंतु त्याचें स्वतःचें घर त्या गांवकुसाबाहेर. घराचा ओटा पुढें घ्यावा कीं नाहीं याचा विचार करणाऱ्या गोतांत त्याचें स्थान साक्षीदाराचें, शेजाऱ्याचें नव्हे. गोताच्या न्यायाचे गोडवे गाणाऱ्या आमच्या मित्रांनीं हा भाग वगळूं नये.

पुणें वाढलें तसा हा कारभार गोताच्या हातून कोतवालाकडे गेला. पेशव्यांच्या कोतवालाच्या कामांत रस्ते, गल्ल्या आणि घरें यांसंबंधींचे तंटे तोडणें हें एक प्रमुख काम होतें. खुद्द पेशव्यासही शेजार सुटला नव्हता असें म्हणतात. शनिवारवाड्याचा पाया १७३० त घातला गेला, पण त्याच्या कोटाचें काम पुढें रेंगाळलें. उत्तरेकडे दिल्लीच्या रोखानें दरवाजा काढणें शाहूमहाराजांस रुचलें नाहीं अशी त्यावर कथा सांगतात. कथा खरी असो वा नसो, दाराचें तोंड कोणीकडे आहे यावरून मालकाची ऐपत व अदब दोन्ही मोजली जात, हें तिच्यांतून दिसतें.

इंग्रजी अमलांत शेजाऱ्याचे हक्क कागदावर आले. सुखाधिकारांचा १८८२ चा कायदा १८९१ सालीं मुंबई इलाख्यास लागू झाला आणि उजेड, वारा, पागोळ्या यांचे खटले दिवाणी कोर्टांत चालूं लागले. म्युनिसिपालिटीचा अर्ज हा याहून निराळा. तेथें शेजारी पक्षकार नाहीं. नकाशा, मोजमाप आणि रस्त्याची रेषा यांचा संबंध. ज्या जुन्नरी कागदावर पेशवाईचीं दप्तरें लिहिलीं गेलीं तो कागद मागें पडून छापील नमुने आले, आणि गोतानें पायांनीं चालत जाऊन पाहिलेली भिंत कारकून नकाशावर पाहूं लागला. आमच्या मतें खरा पालट तो हा. १९६५ च्या नगरपरिषद कायद्यानें १९०१ च्या कायद्याची जागा घेतली, पण परवानगीची ही रीत तशीच राहिली.

घरमालकांनीं एकत्र येऊन आपसांत नियम करावे ही कल्पना नव्या रूपानें मुंबईंत परत आली. १९१५ सालीं श्रीपाद सुबराव तालमकी यांच्या पुढाकारानें गांवदेवी येथें सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था निघाली. आज अशा संस्थांच्या उपविधींप्रमाणें सभासदास गाळ्यांत फेरबदल करण्यापूर्वीं समितीकडे अर्ज करावा लागतो. सज्ज्याला जाळी बसविण्यावरून होणारे कलह वाचकांपैकीं पुष्कळांनीं अनुभविले असतील. अमेरिकेंतील अशा संघांचा इतिहास मात्र सावध करणारा आहे. घराचा रंग आणि कुंपण ठरविणाऱ्या तेथील करारांतच, अमुक वर्णाच्या माणसास घर विकूं नये, अशीं कलमें असत. १९४८ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें तीं अंमलांत आणण्यास नकार दिला. गांवकुसाची आठवण आम्हांस येथें पुन्हां होते.

जुन्नरास आणखी एक शेजारी आहे, तो म्हणजे इतिहास. शिवनेरी व भोंवतालचीं लेणीं केंद्र सरकारच्या संरक्षणाखालीं आहेत. १९९२ च्या अधिसूचनेनें अशा वास्तूपासून शंभर मीटरांत बांधकाम वर्ज्य ठरलें आणि त्यापुढील दोनशें मीटरांत तें परवानगीवर ठेवण्यांत आलें. २०१० च्या दुरुस्तीनें हा निर्बंध कायद्यांतच आला. पहिल्या मर्यादेंत येणाऱ्या जुन्या घराच्या दुरुस्तीसाठींही अर्ज करावा लागतो. लेण्यांचें रक्षण झालेंच पाहिजे. पण पावसाळ्यापूर्वीं ढांसळती भिंत सांवरूं पाहणाऱ्या माणसास उत्तर पावसाळ्यापूर्वींच मिळावें, एवढी तरी त्याची मागणी रास्त आहे.

आंबेगांव तालुक्यांत हा प्रश्न याहून करुण स्वरूपांत उभा राहिला. ३० जुलै २०१४ रोजीं माळीण गांवावर डोंगर कोसळला व दीडशेंहून अधिक माणसें गेलीं. जवळच आमडे येथें नवें गांव वसविण्यांत आलें आणि एप्रिल २०१७ मध्यें लोक तेथें राहावयास गेले. घरें पक्कीं, भूकंपाचा धक्का सोसतील अशीं, आणि एकाच नकाशाचीं. जुनीं घरें कालमानानें वाढलेलीं असतात. कोणाची पडवी गुरांसाठीं रुंद, कोणाचा ओटा निवडण-टिपण करण्यासाठीं लांब. सरकारी नकाशांत ही वाढ येत नाहीं. ती मागाहून घरवाला करतो, आणि १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याच्या बावन्नाव्या कलमाप्रमाणें गावठाणांतील बांधकामास पंचायतीची अनुज्ञा लागते. तेथें अर्ज करणारा, त्यावर विचार करणारे पंच आणि हरकत घेणारा शेजारी हे सारे एकाच आपत्तींतून वांचलेले. नव्या गांवाच्या पहिल्याच पावसांत भराव खचल्याच्या व तडे गेल्याच्या तक्रारी आल्या होत्या. तेव्हां पडवी किती पुढें घ्यावयाची आणि तिच्या पागोळ्या कोणाच्या पायांत पडावयाच्या, हें तेथें कागदावर नव्हे, उतारावर उभें राहूनच ठरवावें लागतें.