गढ्याचे ताल : सर्वांची ठेव

गढा म्हटले की पुष्कळांना मदनमहाल आठवतो. मला मात्र या जुन्या गोंड राजधानीची खरी ओळख तिच्या तालांत दिसते. संग्रामशाहाच्या राज्यात बावन्न गढ होते आणि जबलपुरात बावन्न ताल-तलैया होत्या, असे जुनी मंडळी सांगतात. आकड्याचा आग्रह सोडला तरी नावे बोलकी आहेत. बाजनामठाजवळचा संग्रामसागर राजाच्या नावाचा. राणीताल राणी दुर्गावतीचा, आधारताल दिवाण आधारसिंहाचा आणि चेरीताल राणीच्या दासीचा, अशी परंपरा आहे. नाव कुणाचेही असो, पाणी सगळ्यांचे.

१५६४ साली राणीला मोगलांशी लढताना वीरमरण आले. १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांनी गढा-मंडला घेतले, १८१७ मध्ये इंग्रज आले. आज चेरीताल ही वस्ती आहे, भंवरताल हे उद्यान आहे आणि राणीताल म्हटले की स्टेडियम आठवते. उद्यान निदान सर्वांचे राहते. प्लॉट पाडले की तेही उरत नाही. ताल एका दिवसात विकला जात नाही. आधी त्यात मलबा पडतो, मग लोक त्याला पडीक मैदान म्हणू लागतात, आणि मग गिऱ्हाईक येते.

आपल्यापैकी जे विदर्भातून आले त्यांना ‘निस्तार’ हा शब्द नवा नाही. १९५६ पर्यंत जबलपूर आणि विदर्भ एकाच प्रांतात होते. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि भंडारा-गोंदियाकडचे मालगुजारी तलाव सरकारकडे आले. तेच आपले ‘मामा तलाव’. गुरांचे पाणी, सरपण, चराई हा गावाचा निस्तार. इकडे १९५९ च्या भू-राजस्व संहितेत आणि महाराष्ट्रात १९६६ च्या संहितेत निस्तारपत्रकाची तरतूद झाली. म्हणजे सामाईक जमिनीला कुणी वाली नाही, हा समज मुळातच चुकीचा आहे.

न्यायालयानेही हेच सांगितले. २००१ मध्ये हिंचलाल तिवारी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तलावाची जमीन घरांसाठी वाटणे नामंजूर केले. २८ जानेवारी २०११ रोजी जगपाल सिंह प्रकरणात तर पंजाबातील एका गावचा तलाव बुजवून घरे बांधणाऱ्यांना, पैसे भरून कब्जा कायम करून घेण्याची वाटही बंद केली. गावांच्या सामाईक जमिनींवरील बेकायदा कब्जे हटवण्याची योजना करा, असा आदेश सर्व राज्यांना दिला.

पण निकाल आपल्या पायांनी तालावर चालत येत नाही. आपापल्या मोहल्ल्यातील तालाची खसऱ्यात काय नोंद आहे, हे दोघा-चौघांनी मिळून पाहावे, नक्कल काढून ठेवावी, आणि पहिली मलब्याची गाडी रिकामी होताच लेखी अर्ज द्यावा. घर बांधून झाल्यावर केलेल्या तक्रारीपेक्षा या अर्जाचे वजन अधिक असते. आपण कामधंद्यासाठी इथे आलो आणि इथलेच झालो. गढ्याने आपल्याला जागा दिली. त्याचे पाणी राखणे हे आपलेही काम आहे.

गणपती बाप्पा मोरया!