द्राक्षमळ्यांतील पांढऱ्या वाटा

फ्रान्सच्या पूर्वेस, बर्गंडी प्रांतात, बोन नावाचे तटबंदीचे एक जुने गाव आहे. ह्या गावातून दक्षिणेस सांतनेपर्यंत सुमारे २२ किलोमीटरची सायकलवाट जाते. पोमार, व्होल्ने, मर्सो, पुलिन्यी ही मद्यपारख्यांना तोंडपाठ असलेली गावे एकामागून एक तिच्यावर भेटतात. मुख्य वाट सोडून टेकडीच्या बाजूस वळले की चाकांखाली पांढऱ्या चुनखडीची खडी करकरू लागते. दोहो बाजूंस कमरेएवढ्या वेलींच्या सरळ ओळी, मधूनच एखादी दगडी भिंत, दूरवर चर्चचा मनोरा. मोटारीचा आवाज नाही. एखादा ट्रॅक्टर आला तर त्याला वाट द्यावयाची, एवढीच काय ती रहदारी.

अलीकडे अशा खडीच्या वाटांवरून जाड टायरांच्या सायकली चालविण्याचा छंद युरोपात पुष्कळच वाढला आहे. त्या छांदिष्टांना येथील शांतता निसर्गदत्त वाटते. वास्तविक ती तशी नाही. सहलीला निघालेल्या माणसासाठी ह्यांतील एकही वाट पडलेली नव्हती. त्या पडल्या त्या ओझ्यासाठी. आणि ज्यांनी ती ओझी वाहिली त्यांची नावे फारशी कोठे नोंदलेली नाहीत.

बर्गंडीचा इतिहास मठांपासून सुरू करण्याची प्रथा आहे, आणि ती चुकीची नव्हे. इ. स. ९१० मध्ये अक्वितेनचा सरदार गीयोम ह्याने क्लूनी येथील आपली जमीन बेनेडिक्टच्या नियमाने राहणाऱ्या मठवासीयांना दिली. पुढे १०९८ साली ह्याच प्रांतात, अधिक कठोर जीवनाच्या शोधात निघालेल्या काही मठवासीयांनी सीतो येथील दलदलीच्या रानात नवा मठ स्थापिला. सिस्टर्सियन संघाचा उगम तो. पवित्र मिस्साबलिदानासाठी द्राक्षरस हवाच होता. शिवाय संत बेनेडिक्टने आपल्या नियमाच्या चाळिसाव्या अध्यायात प्रत्येकास दररोज एक छोटे माप द्राक्षमद्याची मुभा काहीशा नाखुशीनेच दिली होती. परंतु सीतोच्या ओलसर भूमीत वेल कशी रुजावी? म्हणून मठवासी पश्चिमेकडील टेकड्यांच्या उतारावर गेले. बाराव्या शतकाच्या आरंभापासून तुकड्या-तुकड्यांनी मिळालेल्या आणि विकत घेतलेल्या जमिनी जोडून त्यांनी तेथे जो मळा उभा केला, तोच पुढे भिंतीने बंदिस्त झालेला ‘क्लो द वूजो’. आजही सुमारे ५० हेक्टरांचा हा मळा आपल्या भिंतीसह उभा आहे.

मठवासीयांच्या ह्या कर्तृत्वाचे गोडवे गाताना एक गोष्ट सहसा राहून जाते. कुदळ प्रामुख्याने चालविली ती संघातील श्रमिक बंधूंनी. ते धर्मगुरू नव्हते. त्यांतील बहुतेकांना लिहिता-वाचताही येत नसे. रोजंदारीवर येणारी आसपासच्या खेड्यांतील माणसे वेगळीच. टेकडीचा उतार असा की पावसाने माती वाहून पायथ्याशी येई. मग हिवाळ्यात ती माती टोपल्यांत भरून, पाठीवर घेऊन, पुन्हा वर नेऊन पसरावी लागे. हे काम मठांच्या काळी होते, मठ गेल्यानंतरही होते, पिढ्यान्पिढ्या होते. जमिनीतून निघालेले दगड मळ्याच्या कडेस रचीत गेल्याने त्यांचे लांबलचक ढीग झाले. त्यांना तेथील लोक ‘मुर्जे’ म्हणतात. त्याच दगडांची, चुना न वापरता रचलेली छोटी खोपटी अजून जागोजागी दिसतात. पाऊस आला की कष्टकरी त्यांत शिरत. आज त्यांच्या आडोशाला सायकलस्वार भाकरतुकडा खातात. पायाखालची खडी ती हीच. ती कोणा कंत्राटदाराने आणून टाकलेली असेल तेथेही ती ह्याच टेकड्यांच्या पोटातील आहे.

२ नोव्हेंबर १७८९ रोजी फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेने ख्रिस्तसभेची सारी मालमत्ता राष्ट्राच्या स्वाधीन केली. वूजोचा मळा १७९१ मध्ये विकला गेला. क्लूनीचे भाग्य अधिक करुण. १०८८ साली बांधावयास घेतलेले तेथील महामंदिर रोमचे नवे संत पेत्राचे मंदिर उभे राहीपर्यंत ख्रिस्ती जगतातील सर्वांत मोठे मंदिर होते. १७९८ मध्ये व्यापाऱ्यांनी ते विकत घेतले, आणि पुढील पंचवीस वर्षे दगडांची खाण असावी तसे ते फोडून विकले. मंदिराच्या मध्यभागातून, जेथे मठवासीयांची मिरवणूक चाले तेथून, आरपार रस्ता काढण्यात आला. आज त्या मंदिराचा दशांशही शिल्लक नाही.

ह्या विध्वंसाने व्यथित होणे आम्हां कॅथलिकांस स्वाभाविक आहे. तथापि न्यायाने बोलावयाचे तर मठांच्या दाराशी पिढ्यान्पिढ्या शेतसारा आणि दशमांश भरणाऱ्या शेतकऱ्याची व्यथाही विसरून चालणार नाही. दुर्दैव असे की त्या लिलावांतून त्यालाही फारसे लाभले नाही. उत्तमोत्तम मळे गेले ते शहरांतील धनिकांकडे. माती वर नेणारी टोपली ज्याच्या पाठीवर होती त्याच्याच पाठीवर राहिली. वारसांतील वाटण्यांनी आणि विक्रीने मळ्यांचे तुकडे मात्र होत गेले. एकट्या वूजोच्या मळ्याचे आज सुमारे ऐंशी मालक आहेत. जितके तुकडे तितक्या बांधावरच्या वाटा. टेकड्यांवर वाटांचे हे जे जाळे दिसते, त्याचे एक कारण हे.

मग ती वेलींची शिस्तबद्ध ओळ? तीही अनादी नव्हे. पूर्वी येथे वेली ओळींत नसत. म्हाताऱ्या वेलीची फांदी वाकवून जमिनीत दाबायची, तिला मूळ फुटले की नवी वेल. अशा रीतीने मळाभर वेलींची गर्दी होई आणि सारी मशागत हातांनीच करावी लागे. १८७८ साली मर्सो येथे फिलॉक्सेरा ही मुळे खाणारी अमेरिकन कीड आढळली. जमिनीत रसायन टोचण्यासाठी आलेल्या सरकारी पथकांना शेतकऱ्यांनी हाकलून देण्याचेही प्रसंग घडले, कारण त्या रसायनाने कीड मरे तशी वेलही मरे. अखेर अमेरिकन वेलीच्या मुळावर फ्रेंच वेलीचे कलम बांधण्याचा उपाय लागू पडला. बर्गंडीत त्यास १८८७ साली अधिकृत परवानगी मिळाली. म्हणजे जेथून रोग आला तेथूनच औषध. कलमी रोपे विकत घेऊन लावायची, तर ती ओळीत लावणे सोयीचे; आणि ओळी झाल्या म्हणून घोड्याचा नांगर मळ्यात शिरू शकला. विसाव्या शतकाच्या मध्यास घोडाही गेला आणि वेलींच्या ओळीवर दोन्हीकडे पाय टाकून चालणारा उंच ट्रॅक्टर आला. ज्या दृश्यासमोर सायकल थांबवून लोक छायाचित्र घेतात, ते एका महामारीतून जन्मलेले आहे.

सांतनेहून पुढे वाट उतरते ती कालव्याच्या काठावर. सोन आणि ल्वार ह्या नद्यांना जोडणारा हा मध्य कालवा अभियंता गोते ह्यांच्या योजनेनुसार अठराव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत बांधला गेला. ब्लांझी आणि मोंसो येथील कोळसा, कौले, द्राक्षमद्याची पिंपे ह्याच पाण्यावरून जात. काठाची सपाट वाट बोटी ओढण्यासाठी. चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर ह्याने १६६९ मध्ये काढलेल्या आज्ञेनुसार नौकानयनयोग्य नद्यांच्या काठच्या जमीनदारांना २४ फूट रुंदीची जागा ह्या कामासाठी मोकळी सोडावी लागे. घोडे व खेचरे बोट ओढीत. ज्याला जनावर परवडत नसे तो छातीला पट्टा बांधून स्वतः ओढी, आणि पुष्कळदा दुसऱ्या पट्ट्यात त्याची बायको असे. ताशी दोन-अडीच किलोमीटर ह्या गतीने! त्या काठावरून झाडांच्या सावलीत आपण अर्ध्या तासात जे अंतर कापतो, ते त्या दांपत्याच्या दिवसभराच्या वाटचालीपैकी कितीतरी मोठा तुकडा असे.

रेल्वेने कालव्याचा धंदा घेतला, मोटारीने रेल्वेचा. शालोंहून क्लूनीकडे जाणारा लोहमार्ग विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बंद पडला. रूळ उखडले गेले, आणि १९९७ साली जिव्री ते क्लूनी ह्या ४४ किलोमीटरांवर फ्रान्समधील पहिली ‘हरित वाट’ सुरू झाली. येथे खडी नसून गुळगुळीत डांबर आहे. ब्रदर रॉजे १९४० साली ज्या तेझे गावी येऊन राहिले, त्या गावाच्या पायथ्यावरूनच ही वाट जाते. क्लूनीच्या पुढे दीड किलोमीटरहून लांब असा बोगदा लागतो. तो हिवाळ्यात बंद ठेवतात, कारण वटवाघळांची झोपमोड होऊ नये! माणसासाठी खणलेल्या बोगद्यात आता त्यांचा मान आधी.

तथापि सर्वच वाटांना असे पुनर्जन्म लाभलेले नाहीत. २० ऑगस्ट १८८१ च्या कायद्याने खेड्यांतील वाटा त्या त्या ग्रामपालिकेच्या मालकीच्या, पण लोकांच्या वहिवाटीच्या ठरविल्या. त्यांत मेख अशी की वहिवाट संपली तर ग्रामपालिका वाट विकू शकते. विसाव्या शतकात शेतीच्या तुकड्यांचे एकत्रीकरण झाले तेव्हा फ्रान्सभर अशा असंख्य वाटा नांगराखाली गेल्या. वाट टिकते ती कागदावर नव्हे, पायांवर. म्हणूनच सायकलवाल्या पाहुण्यांकडे केवळ हौशी म्हणून पाहणे मला पटत नाही. ओझे वाहणारे गेल्यावर त्या वाटा जिवंत ठेवण्याचे काम, नकळत का होईना, ते करीत आहेत. १९३६ मध्ये फ्रान्समधील कामगारांना पहिल्यांदाच दोन आठवड्यांची पगारी रजा मिळाली, तेव्हा त्यांतील कितीतरी जण सायकलींवरूनच गावाबाहेर पडले होते, हेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

पण वाटेचे मूळ धनी अगदीच नाहीसे झालेले नाहीत. त्यांना पाहावयाचे तर जानेवारीत गेले पाहिजे. २२ जानेवारी हा साधक आणि रक्तसाक्षी संत व्हिन्सेंट ह्यांचा सण. हे द्राक्षमळेकऱ्यांचे आश्रयदाते. त्यांच्या नावाने गावोगावी मदतमंडळे आहेत. मंडळातील कोणी आजारी पडला तर उरलेल्यांनी त्याच्या मळ्यातील काम उरकायचे, असा त्यांचा परिपाठ. १९३८ पासून ह्या सणाचा मोठा सोहळा दरवर्षी वेगळ्या गावात भरतो. कडाक्याच्या थंडीत, दिवस उजाडता उजाडता, गावोगावची मंडळे आपापल्या संताची मूर्ती खांद्यावर घेऊन मळ्यांतील वाटांवरून चालत निघतात आणि चर्चमध्ये मिस्सासाठी जमतात. सण आटोपला की पुन्हा छाटणी सुरू होते. पिंप उभे कापून केलेली हातगाडी ओळींतून ओढीत नेतात, तिच्यात विस्तव असतो, आणि छाटलेल्या काड्या तेथल्या तेथे जाळतात. त्या दिवसांत टेकड्यांवर सगळीकडे धुराच्या बारीक रेघा उभ्या असतात. वाटांवर सायकल औषधालाही दिसत नाही.