कापसाची गाडी, माउलींची वाट

१८६० साली आगगाडी पुण्याहून सोलापूरला पोहोचली. तीन वर्षांनी बोरघाटाचा मार्ग खुला झाला आणि मुंबईचा भाविकही त्या रुळांवर आला. पण पंढरपूर त्या वाटेवर नव्हते. उतरायचे बार्शी रोडला, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीला. पुढचे पन्नासेक किलोमीटर बैलगाडीने, नाहीतर पायी.

१८९७ मध्ये तिथून अडीच फुटी रुळांची ‘बार्शी लाईट’ निघाली, तीही बार्शीच्या पेठेकडे, पंढरीच्या उलट दिशेला. कापसाला आधी गाडी मिळाली. विठोबाच्या भक्ताला १९०६ पर्यंत थांबावे लागले!

गाडी आल्यावर पायी वारी मोडेल, असे कुणालाही वाटले असते. ज्याला दोन-तीन आठवडे घर सोडता येत नव्हते, त्या चाकरमान्याला गाडीने दर्शन दिले. हे उपकार मोठेच, त्याला कमी लेखू नये. पण आळंदी-देहूच्या पालख्या गाडीत बसल्या नाहीत. दिंड्या, मुक्काम, रिंगण सारे पायवाटेवरच राहिले. आणि गाडीने आलेली मंडळीसुद्धा वाखरीला जातात, माउलींना भेटतात आणि शेवटचा टप्पा पालखीबरोबर पायीच चालतात.