खर्ची रोज, आठवड्याला की महिन्याला?

पालकसभेत हल्ली एक प्रश्न हमखास निघतो. मुलांना खर्चीचे पैसे रोज द्यावेत, आठवड्याला की महिन्याला? किती द्यावेत यावर प्रत्येकाचे मत तयार असते. किती दिवसांनी द्यावेत, हा विचार मात्र मागे पडतो. हा दुसरा प्रश्न आपल्याकडे जुना आहे, आणि तो मुलांच्या आधी मोठ्या माणसांना पडला होता.

आपल्या मुलांच्या हाती हक्काने येणारा पैसा म्हणजे ईदी. पण या शब्दाचा आणखी एक अर्थ होता. जाफर शरीफ यांच्या ‘कानून-ए-इस्लाम’ या पुस्तकात, ज्याचे इंग्रजी भाषांतर १८३२ साली निघाले, दक्षिणेतल्या मुसलमानांचे रीतिरिवाज नोंदले आहेत. त्यातून दिसते की मकतबचे उस्ताद सणाच्या वेळी रंगीत कागदावर चार ओळी लिहून मुलाला देत. मूल त्या घरी वाचून दाखवी आणि आईवडील उस्तादांसाठी पैसे पाठवीत. त्या कागदालाही ईदीच म्हणत. पैसा मुलाच्या हातातून जाई, पण थांबत नसे. आणि असे प्रसंग सणासुदीपुरतेच येत.

याचे कारण कंजूषपणा नव्हते. गावात बलुतेदाराला सुगीला धान्य मिळे, शेतकऱ्याच्या हाती पीक विकल्यावरच नगद येई. रोख पैशाची गाठ पडे ती आठवडी बाजारात. घरात पैसा ज्या ताला‍ने येतो, त्याच तालाने तो मुलापर्यंत पोचतो. आजही यंत्रमागावर काम करणाऱ्याच्या घरी आठवड्याच्या मजुरीवर हिशेब चालतो, नोकरदाराच्या घरी पहिल्या तारखेवर.

मुंबईच्या कापड गिरण्यांत हा ताल बिघडला होता. पगार महिन्याने, तोही महिना उलटून काही दिवस गेल्यावर. नवा कामगार तोवर खाणार काय? वाण्याकडे खाते उघडायचे, नाहीतर सावकार गाठायचा. पगार हाती येई तेव्हा त्यातला मोठा भाग आधीच दुसऱ्याचा झालेला असे. १९२९ साली नेमलेल्या व्हिटली आयोगाने, ज्यात ना. म. जोशीही सदस्य होते, १९३१ च्या अहवालात कापडधंद्यासारख्या उद्योगांत पगाराची मुदत कमी करावी अशी शिफारस केली. १९३६ च्या वेतन कायद्याने मुदत महिन्यापेक्षा जास्त नसावी एवढेच ठरवले, पण एक मोठे काम केले. हजारपेक्षा कमी कामगार असतील तर पुढच्या सातव्या दिवसाच्या आत, एरवी दहाव्या दिवसाच्या आत पगार झालाच पाहिजे, असे बंधन घातले. म्हणजे रकमेइतकाच तारखेचाही हक्क मानला गेला.

मुदत फार लांब असली की उधारी होते. फार छोटी असली तर? त्याचाही दाखला आहे. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली. सोळा आण्यांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला. एका आण्याचे नेमके सव्वासहा पैसे होतात, म्हणून कोष्टकात एक आणा म्हणजे सहा नवे पैसे आणि चार आणे म्हणजे पंचवीस, असे धरले. ज्या मुलाने चार दिवस एकेक आणा बदलला, त्याचे झाले चोवीस. ज्याने चार आणे साठवून बदलले, त्याचे पंचवीस. एक पैशाचा फरक, पण साठवण्याचा धडा त्यात पुरता आला.

३० जून २०११ पासून पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी चलनातून गेली. रोज थोडे द्यायचे म्हटले तरी आता पाच-दहा रुपये होतात, त्यामुळे मुदतीचा निर्णय आणखी महत्त्वाचा झाला.

माझा सल्ला साधा आहे. पहिली-दुसरीच्या मुलाला उद्या कळतो, महिना कळत नाही. त्याला लागेल तेव्हा, थोडे द्या. चौथी-पाचवीपासून आठवड्याचे द्या, म्हणजे सोमवारी उडवले तर शनिवारी कळेल. आठवी-नववीत पंधरवडा, मग महिना. मुलगी असो की मुलगा, मुदत एकच ठेवा. मध्येच संपले तर रागावू नका, पण उसनेही देऊ नका. नाहीतर घरातच वाण्याचे खाते उघडते.

आणि ज्या अम्मी-अब्बांची मजुरी रोजची किंवा बेभरवशाची आहे, त्यांनी शेजाऱ्याच्या महिन्याशी बरोबरी करू नये. आठवड्याला दोन रुपये द्या, पण ठरल्या दिवशी द्या. गिरणी कामगाराला जो हक्क मिळायला कायदा करावा लागला, तो आपल्या लेकरांना आपण नुसत्या शब्दावर देऊ शकतो.