खिळा, ओटा आणि माळा : मुंबईच्या भाडेकरूने घर कसे सजवले?

१/ भाड्याच्या घरात सामान लावून झाले की पहिला प्रश्न उभा राहतो तो खिळ्याचा. भिंतीत ठोकावा की नाही? घरमालक काय म्हणेल? हा प्रश्न आजचा वाटतो. पण मुंबईत त्याला शंभर वर्षांहून मोठा इतिहास आहे. एके काळी चुकीच्या जागी घातलेला सिमेंटचा ओटा संसार रस्त्यावर आणू शकत असे. त्याची ही गोष्ट.

२/ आधी जागा पाहू. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. त्यानंतर १८९८ मध्ये शहर सुधारणेसाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याने बीआयटी चाळी बांधल्या. १९२० च्या दशकात डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी येथे एकूण २०७ बीडीडी चाळी उभारल्या. यांतील एका खोलीचे क्षेत्रफळ होते सुमारे १६० चौरस फूट. बाकीचे बहुसंख्य कामगार खासगी मालकांच्या चाळींत राहत.

३/ १९२१-२२ मध्ये मुंबईतील कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची सरकारी पाहणी झाली. पाहणीतील सुमारे ९७ टक्के कुटुंबे एकाच खोलीत राहत होती. स्वयंपाक, झोप, बाळंतपण, पाहुणा, देवघर, अभ्यास, सारे त्या एका खोलीत. अशा घरात ‘सजावट’ हा शब्द चैनीचा वाटेल. प्रत्यक्षात तिथे सजावट म्हणजे आधी जागेची व्यवस्था होती आणि मग शोभा.

४/ या व्यवस्थेची साधने सर्वांच्या परिचयाची आहेत. कपड्यांसाठी छताखाली टांगलेली दांडी. भिंतीवर खुंट्या आणि एखादी फळी. अंथरुणांची वळकटी दिवसा ट्रंकेवर. खोलीचे दोन भाग करायला जुन्या लुगड्याचा पडदा. घासून लखलखीत केलेली भांडी मांडणीवर उतरत्या क्रमाने लावलेली. गरीब घराची ती खरी शोभा. गॅलरीत पत्र्याच्या डब्यात तुळस. उंबऱ्यापुढे रांगोळी, दारावर तोरण, दिवाळीत कंदील.

५/ भिंतीवर काय असे? देवादिकांच्या तसबिरी आणि दुकानदाराने फुकट दिलेली कॅलेंडरे. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत शिळाछापखाना सुरू केला. त्यामुळे लक्ष्मी-सरस्वतीची रंगीत चित्रे राजवाड्यातून निघून सामान्य माणसाच्या खोलीत आली. एका खिळ्यावर अख्खी भिंत उजळून निघे, आणि घर सोडताना चित्र काखेत मारून नेता येई.

६/ वरची यादी पुन्हा वाचा. दांडी, पडदा, ट्रंक, तसबीर, डब्यातली तुळस. यातील जवळजवळ प्रत्येक वस्तू उचलून नेता येते. रांगोळी तर दुसऱ्या दिवशी पुसलीच जाते. पैशाची चणचण हे याचे पहिले कारण. दुसरे कारण कायद्याच्या पुस्तकात दडलेले होते.

७/ १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातील कलम १०८ भाडेकरूचे हक्क आणि कर्तव्ये सांगते. जमिनीला वा वास्तूला जोडलेली वस्तू जमीनमालकाची, असा इंग्लंडमधील जुना दंडक होता. भारतीय कायदा त्या मानाने भाडेकरूविषयी उदार निघाला : ताबा असेपर्यंत आपण जोडलेली वस्तू काढून न्या, मात्र जागा जशी मिळाली तशी परत करा. त्याच कलमात एक मनाईही आहे. मालकाच्या संमतीवाचून पक्के बांधकाम करता येणार नाही.

८/ ही मनाई फार काळ निरुपद्रवी होती. मालकाला भाडेकरू नकोसा झाला, तर नोटीस देऊन काढता येई. त्यासाठी ओट्याचे निमित्त शोधण्याची गरज नव्हती. पहिल्या महायुद्धात घरांची टंचाई वाढली आणि भाडी भडकली. १९१८ मध्ये मुंबईत भाड्यावर पहिले कायदेशीर बंधन आले. दुसऱ्या महायुद्धाने तीच वेळ पुन्हा आणली, आणि मग आला १९४७ चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा.

९/ या कायद्याने प्रमाण भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधले. कायदा तात्पुरता म्हणून केला होता. त्याला मुदतवाढ मिळत गेली आणि तो अर्धशतक टिकला. भाडे भरणाऱ्या भाडेकरूला आता सहजासहजी काढता येईना. त्यासाठी कलम १३ मधील ठरावीक कारणांपैकी एक सिद्ध करावे लागे. त्यांतील एक कारण असे : मालकाच्या लेखी संमतीशिवाय उभारलेले पक्के बांधकाम.

१०/ इथे चित्र पालटले. महागाई वाढत गेली, भाडे मात्र जागच्या जागी राहिले. मिळणाऱ्या भाड्यात डागडुजीचा खर्चही निघेना, अशी मालकाची तक्रार होती आणि ती खोटी नव्हती. गळके छत आणि मोडका जिना भाडेकरूच्या वाट्याला आला. त्याचे दुःखही खरे होते. खोलीची बाजारातील किंमत आणि तिचे भाडे यांत जमीन-अस्मानाचे अंतर पडले. त्यामुळे खोली रिकामी करून घेण्यासाठी एक सबळ कारण हाती लागणे, याला मोठे मोल आले.

११/ म्हणून घरातील प्रत्येक सुधारणा संशयास्पद ठरू लागली. पूर्वी बाई जमिनीवर बसून चुलीवर वा शेगडीवर स्वयंपाक करीत असे. पुढे स्टोव्ह आला. १९५५ मध्ये बर्माशेलने मुंबईत स्वयंपाकाचा गॅस आणला आणि हळूहळू उभ्याने स्वयंपाक करण्याची रीत रुळली. त्यासाठी ओटा हवा. कुटुंब वाढले, मुलगा परीक्षेला बसला, की निजायला किंवा अभ्यासाला माळा हवा. सुनेच्या आगमनाबरोबर आडोशासाठी पार्टिशन हवे. गरजा साध्या होत्या. पण लघुवाद न्यायालयात त्यांचे मोजमाप होऊ लागले.

१२/ पक्के बांधकाम म्हणजे नेमके काय? १९८७ साली मुंबईतील एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याचे निकष चर्चिले. वस्तू वास्तूला कशी आणि किती घट्ट जोडली आहे? वास्तूला इजा न करता ती काढता येते का? जोडताना हेतू कोणता होता? म्हणजे खिळ्याचा आणि स्क्रूचा, विटेचा आणि लाकडाचा भेद हा केवळ सुताराचा विषय उरला नव्हता. लाकडी खांबांवर टेकवलेला माळा आणि भिंतीत तुळया रोवून केलेला माळा, दिसायला सारखे असले तरी कायद्याच्या नजरेत वेगळे ठरू शकत.

१३/ आता या कथेतील सर्वांत बोलका दस्तऐवज पाहा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ मध्ये झाला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याच्या कलम १६ मध्ये पक्क्या बांधकामाचे कारण कायम आहे. पण त्याला एक स्पष्टीकरण जोडलेले आहे. आवश्यक तिथे महापालिकेची परवानगी घेऊन केलेली पुढील कामे पक्के बांधकाम मानली जाणार नाहीत : लाकडी पार्टिशन, उभ्याने स्वयंपाक करण्याचा ओटा, दार, जाळीकाम, हवेसाठी पाडलेली खिडकी, फॉल्स सीलिंग, वातानुकूलन यंत्र, धूर बाहेर सोडणारी वाट किंवा धुराडे.

१४/ ही यादी कायद्याची म्हणून वाचली तर रुक्ष वाटते. इतिहासाची म्हणून वाचा. पार्टिशनमागे एका खोलीत संसार थाटणारे नवे जोडपे दिसते. ओट्यामागे पाठीचा कणा ताठ करून उभी राहिलेली गृहिणी दिसते. खिडकी आणि धुराड्यामागे धुराने चुरचुरणारे डोळे दिसतात. मध्यमवर्गाने घराकडून काय मागितले, याची ही नोंद विधिमंडळाने नकळत करून ठेवली आहे. माळ्याचे नाव मात्र या यादीत नाही.

१५/ आज मुंबई-पुण्यात तरुण मंडळी बहुधा लिव्ह अँड लायसन्स करारावर राहतात. अनेकदा अकरा महिन्यांच्या. मुदत संपली की जागा सोडायची, डिपॉझिट परत घ्यायचे. जुन्या भाडेकरूला भीती होती कायमचे घर गमावण्याची. आजच्या भाडेकरूला कायमचे घर मिळालेलेच नसते. त्याचा जीव डिपॉझिटात अडकलेला असतो. म्हणून चिकटणारे हुक, सुटे दिवे, घडीचे टेबल, कुंड्यांतली झाडे. यादी नवी, तत्त्व चाळीचेच.

१६/ त्या जुन्या संसारातून आजही उपयोगी पडावेत असे तीन धडे. जे सोबत नेता येईल त्यावर खर्च करावा. जे भिंतीला कायमचे जोडायचे, त्याची संमती लेखी घ्यावी. १९४७ च्या कायद्यातही ‘लेखी’ हाच शब्द निर्णायक होता. आणि राहायला येताना जागा कशी होती, याचा पुरावा जपावा. जुने लोक भाडेपावत्या ट्रंकेच्या तळाशी जपत. आपण पहिल्याच दिवशी भिंतींची छायाचित्रे काढून ठेवू शकतो.

१७/ गिरणगावातील पुष्कळ चाळी आता पाडल्या गेल्या. बीडीडी चाळींच्या जागी मनोरे उभे राहत आहेत. नव्या घरांत ओटा आधीच बांधलेला मिळतो आणि त्यासाठी कोणी न्यायालयात जात नाही. तुमच्या घरात आजी-आजोबा चाळीत राहिले असतील, तर त्यांना एक प्रश्न जरूर विचारा : आपल्या खोलीत ओटा कोणत्या साली आला, आणि मालकाला कसे राजी केले? उत्तरात तुम्हाला शहराचा एक अलिखित इतिहास ऐकायला मिळेल.