जुना लेथ आणि त्याचा इतिहास



इतिहासाचे व्याख्यान म्हटले म्हणजे गड, तहनामे आणि वंशावळी यांची अपेक्षा असते. चिचगड तर जुन्या जमीनदारीचे गाव. तेव्हा येथे तशी अपेक्षा अधिकच असावयाची. पण आज मी ज्या वस्तूचा इतिहास सांगणार आहे, ती एखाद्या घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये धूळ आणि गंज खात पडलेली असते. ती वस्तू म्हणजे जुना लेथ.

धानाची कापणी-चुरणी आटोपली की आपल्या भागातील गिरण्यांची घाई सुरू होते, हे आपणांस सांगावयास नको. नेमक्या त्याच वेळी एखाद्या हलरचा दांडा बेअरिंगच्या जागी झिजतो. झीज असते केसभर. पण तेवढ्याने दांडा थरथरू लागतो, पट्टा उतरतो आणि गिरणी थांबते. मग तो दांडा घेऊन कोणी देवरीला, कोणी गोंदियाला, प्रसंगी नागपूरला धाव घेतो. आणि इकडे शेडमधल्या लेथचे गिऱ्हाईक म्हणून भंगारवाला उभा असतो. तो काट्यावर वजन करून भाव सांगतो. या यंत्राचे मोल किलोवर करावे की आणखी कशावर, हा आजचा प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर इतिहासात शोधावे लागते.

कातकाम आपल्याला नवीन नाही. लाकूड फिरते ठेवून त्याला हत्यार लावणारा कातारी आपल्या समाजात शतकानुशतके आहे. पाळण्याचे खूर, पलंगाचे पाय, लाटणी, भोवरे ही सर्व त्याची निर्मिती. सावंतवाडीची लाखकामाची खेळणी आजही याच कलेची साक्ष देतात. जुन्या पद्धतीत धनुष्यासारख्या कमानीची दोरी दांड्याला वेढून पुढेमागे ओढीत आणि त्यावर काम फिरवीत. हत्यार मात्र हातात धरलेले असे. कातारी कुशल असला तर पाय सुबक होई; पण एकासारखा तंतोतंत दुसरा होईलच, अशी खात्री नसे. पलंगाला ती लागत नाही. गिरणीच्या दांड्याला आणि इंजिनाच्या दट्ट्याला मात्र ती लागतेच.

ही खात्री यंत्रात आणण्याचे श्रेय ज्यांना दिले जाते, त्यांत हेन्री मॉडस्ले याचे नाव अग्रभागी आहे. त्याचा जन्म १७७१ सालचा, इंग्लंडमधील वुलिच येथला. लंडनच्या जोसेफ ब्रामा या कुलुपे करणाऱ्या कारखानदाराकडे तो कामाला होता. आठवड्याला तीस शिलिंग पगार मिळत असे. वाढ मागितली, ती नाकारली गेली, आणि १७९७ साली त्याने स्वतःचे लहानसे दुकान थाटले. १८०० च्या सुमारास त्याने जो लेथ उभा केला, त्यात तीन गोष्टी एकत्र आल्या. हत्यार हातात न धरता सरकत्या घोडीवर घट्ट बसवले. ती घोडी एका लांब आटेदार दांड्याने, म्हणजे लीडस्क्रूने, पुढे सरकवली. आणि मुख्य दांडा व लीडस्क्रू यांच्यामध्ये बदलता येतील अशी दातेरी चाके बसवली. चाके बदलली की हवे तसे आटे पाडता येऊ लागले. या तिन्ही गोष्टी सुट्या सुट्या पूर्वीही माहीत होत्या. त्या एका भक्कम लोखंडी सांगाड्यावर आणणे हे मॉडस्लेचे कर्तृत्व.

येथे चौकस श्रोत्याच्या मनात शंका यावी. अचूक आटे पाडायला अचूक लीडस्क्रू हवी. मग पहिली अचूक लीडस्क्रू कोणी पाडली? मॉडस्लेने तिरक्या धारेच्या पात्याने मऊ नळकांड्यावर आटे आखले, त्यांतील चुका शोधल्या, सुधारल्या आणि सुधारलेल्या आट्यांवरून पुढचे पाडले. आपले काम तपासण्यासाठी त्याने एक सूक्ष्ममापक केला होता. दुकानातल्या मोजमापाच्या वादाचा शेवटचा निकाल त्यावर लागे, म्हणून त्याचे टोपणनाव ‘लॉर्ड चान्सेलर’ असे पडले होते.

मॉडस्लेच्याच कारखान्यात पुढे जोसेफ व्हिटवर्थ काम करीत होता. एक पृष्ठभाग पूर्ण सपाट कसा करावा, याची रीत त्याने १८४० साली विद्वानांपुढे मांडली. ती इतकी सोपी आहे की तिला कोणतेही मोठे यंत्र लागत नाही. दोन लोखंडी पाट घ्या. एकाला रंग लावून दुसऱ्यावर घासा. जेथे रंग लागेल तो उंचवटा. तो खरवडून काढा. असे करता करता दोन्ही पाट एकमेकांना चिकटून बसतील. पण म्हणून ते सपाट झाले असे नव्हे. एक किंचित फुगीर आणि दुसरा तितकाच खोलगट असेल, तरीही ते बसतातच. म्हणून तिसरा पाट घ्यावयाचा. पहिला फुगीर असेल, तर त्याच्याशी जुळवलेले दुसरा आणि तिसरा हे दोन्ही खोलगट होतील. मग ते दोघे समोरासमोर ठेवले की कडांवर टेकतील आणि मध्ये फट राहील. चोरी उघडी पडली! तिन्ही पाट फिरवून फिरवून आळीपाळीने परस्परांशी जुळले, तरच तिन्ही सपाट. दोघे साक्षीदार संगनमत करू शकतात, तिसरा आला की खोटे टिकत नाही. न्यायालयातला हा अनुभव लोखंडालाही लागू आहे.

हे इतके विस्ताराने सांगण्याचे कारण असे की, अचूकपणा हा वरच्या दर्जाच्या यंत्राकडूनच वारशाने मिळतो, ही आपली समजूत यामुळे खोटी ठरते. तो चिकाटीने, घासून आणि तपासून, शून्यातून मिळवता येतो. आपल्याकडे ज्यांनी यंत्रे केली, त्यांना हीच गोष्ट उपयोगी पडली.

आपल्या देशात लेथ आला तो गिरण्या आणि रेल्वे यांच्या दुरुस्तीशाळांतून. नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ साली सुरू झाली. बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी १८८७ साली स्थापन झाली आणि नागपूर-छत्तीसगडचा आपला मीटरगेज मार्ग तिने रुंद केला. अशा ठिकाणी विलायती यंत्रे आणि त्यांवर काम करणारे देशी कारागीर होते. यंत्र चालवणे आपल्याकडे आले होते. यंत्र करणे आले नव्हते.

ती वाट दुरुस्तीच्या दुकानातून निघाली. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म १८६९ चा. चित्रकार व्हावे म्हणून ते मुंबईस गेले. पण रंगांधळेपणामुळे तो मार्ग बंद झाला. ते यंत्रांची रेखाचित्रे काढावयास शिकले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तीच शिकवू लागले. बेळगावात बंधू रामूअण्णा यांच्यासह त्यांनी जो उद्योग मांडला, तो सायकलींच्या विक्रीचा आणि दुरुस्तीचा. त्यातून कडबा कापण्याचे यंत्र झाले, मग लोखंडी नांगर झाला. लोखंडाने जमीन नासते, असे म्हणून शेतकरी नांगराला हात लावीत नसत. तरी त्यांनी तो सुधारीत नेला. बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधच्या राजेसाहेबांनी कुंडलजवळचा माळ दिला आणि १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. पुढे १९४१ साली हरिहर येथे म्हैसूर किर्लोस्कर कंपनी निघाली, ती लेथ बनवण्यासाठी. सायकलदुरुस्तीपासून लेथच्या कारखान्यापर्यंतचा हा प्रवास जवळजवळ अर्ध्या शतकाचा आहे.

दुसरे उदाहरण कोल्हापूरचे. आनंदराव आणि बाबूराव पेंटर या बंधूंनी, दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली आल्यानंतर, आपणही चित्रपट काढावा असा ध्यास घेतला. फाळक्यांनी कॅमेरा विलायतेहून आणला होता. या बंधूंनी तो घरीच करावयाचे ठरवले. चित्रपटाच्या फितीला कडेने भोके असतात, एका चित्रामागे चार. त्या काळच्या मूकपटाला सेकंदाला सोळाच्या आसपास चित्रे लागत. प्रत्येक चित्रापुढे फीत क्षणभर पूर्ण स्थिर उभी राहावयास हवी आणि लगेच पुढे सरकावयास हवी. दातेरी चाकात किंवा आकड्यात किंचित चूक झाली, तर पडद्यावर सारे चित्र थरथरते. हे काम चालू असतानाच १९१६ साली आनंदराव वारले. बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने ते पुढे नेले आणि १९१८ च्या सुमारास कॅमेरा सिद्ध झाला. १९२० साली पुण्यात ‘सैरंध्री’ झळकला. याच दामल्यांनी पुढे १९२९ मध्ये सहकाऱ्यांसह प्रभात कंपनी काढली. रंगाचा कुंचला धरणाऱ्या हातांनी लोखंडाचे काम केले, हे विसरता येण्यासारखे नाही.

आता आपल्या शेडमधल्या लेथकडे येऊ. तो घरी दुरुस्त करावयाचा म्हणजे काय करावयाचे? प्रथम गंज आणि वाळलेले तेल काढून प्रत्येक भाग सुटा करणे. नंतर झीज कोठे आहे ते शोधणे. लेथचा बेड चकच्या जवळ अधिक झिजतो, कारण बहुतेक काम तेथेच होते. टेलस्टॉकच्या टोकाला तो जवळजवळ नव्यासारखा असतो. सरळ पट्टी ठेवली की मधली फट दिसते. मग व्हिटवर्थचीच रीत: शेंदूर किंवा निळा रंग लावावयाचा, उंचवटे पाहावयाचे आणि हाताच्या खरवडीने काढावयाचे. एका वेळी निघते ते मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही कमी. काम आठवडेच्या आठवडे चालते. खरवडलेल्या पृष्ठभागावर राहिलेल्या बारीक खोलगट ठिपक्यांत तेल टिकते, हा आणखी एक लाभ.

त्यानंतर लेथ बसवणे. पाया सारखा नसेल तर ओतीव लोखंडाचा बेडही पीळ खातो. पाणसळ लावून पायांखाली पातळ पत्रे सरकवावयाचे. मग एक जाड सळई फक्त चकमध्ये धरून, तिच्यावर वीतभर अंतराने दोन कडी ठेवून, हत्यार न हलवता दोन्ही कडी हलकेच कातावयाची आणि मायक्रोमीटरने मोजावयाची. माप एक आले तर लेथ खरा. फरक आला तर पुन्हा पायाशी जाणे आले.

आणि बदल? जुने लेथ छताखालच्या लांब शाफ्टवरून चामडी पट्ट्याने फिरत. आता त्यांना स्वतंत्र विजेची मोटर बसवावी लागते, आणि पट्ट्यावर जाळी बसवण्यास विसरू नये. पण सर्वांत मनोरंजक बदल मापाचा आहे. १९५६ साली आपल्याकडे वजनमापांचा कायदा झाला आणि १९५८ पासून टप्प्याटप्प्याने मेट्रिक मापे आली. बाजारात शेर आणि मण गेले, किलो आले. पण जुन्या इंग्रजी लेथच्या पोटातली लीडस्क्रू इंचाचीच राहिली. इंचात चार आटे, म्हणजे एक आटा ६.३५ मिलिमीटरचा. तिच्यावर मिलिमीटरचे आटे कसे पाडावे? उपाय एका चाकात आहे. पाच इंच म्हणजे बरोबर १२७ मिलिमीटर. म्हणून मुख्य दांड्याकडे २० दात्यांचे आणि लीडस्क्रूवर १२७ दात्यांचे चाक घातले, की एका फेऱ्याला घोडी बरोबर १ मिलिमीटर सरकते. १२७ ही मूळ संख्या आहे, तिचे भाग पडत नाहीत. म्हणून चाक मोठे आणि अडचणीचे, तरी तेच लागते.

काही जण ६३ दात्यांच्या चाकावर भागवतात, म्हणजे १२७ ऐवजी १२६ धरतात. १९५७ साली नवी नाणी आली तेव्हा एका आण्याचे सव्वासहा ऐवजी सहाच नवे पैसे हिशेबात धरीत, त्यातलाच हा प्रकार. आखूड बोल्टला ते चालते. पण शंभर आट्यांमागे सुमारे ०.८ मिलिमीटरची चूक साठते आणि लांब स्क्रू नटात अडकून बसतो. कोठे भागवावे आणि कोठे भागवू नये, हे ओळखणे हाच कारागिराचा विवेक होय.

प्रत्येक जुना लेथ वाचवावा, असे मात्र मी म्हणणार नाही. बेडला तडा गेला असेल, तर मोह आवरावा. १९५३ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान मशीन टूल्सपासून राजकोट-बटाल्याच्या लहान कारखान्यांपर्यंत अनेकांनी देशात लेथ बनवले. आज तर संगणकावर चालणारी यंत्रे आहेत आणि त्यांची गती हाताला येणार नाही. पण बेड शाबूत असेल, तर भंगारवाल्याला हो म्हणण्यापूर्वी गावातल्या एखाद्या होतकरू मुलाला, आयटीआयमधून कातारी होऊन आलेल्या पोराला, तो लेथ दाखवावा. वर्षभर तो घासील, मोजील, चुकेल आणि पुन्हा मोजील. वर्षाअखेरीस गावाला दांडा कातणारे यंत्र मिळेल आणि खरे माप म्हणजे काय हे जाणणारा एक माणूस मिळेल. हंगामात गिरणी थांबली, तर ती दोन तासांत चालू होईल. दांडा घेऊन नागपूरची वाट धरावी लागणार नाही. काट्यावर ठेवलेल्या लोखंडाच्या भावात ही बेरीज कोणी धरीत नाही, म्हणून ती येथे मांडली.