शहराचे पोट, शहराची तहान

'जालना सोने का पालना' ही म्हण मराठवाड्यात अनेकांच्या तोंडी असते. पालना म्हणजे पाळणा. जो येथे आला त्याचे भले झाले, असा तिचा अर्थ. म्हण खोटी नाही. कापूस आणि धान्याचा मोंढा, बियाण्यांचा धंदा, लोखंडी सळयांचे कारखाने यांनी या गावाला खरोखरच पैसा दिला. पण याच जालन्यात २०१२-१३ च्या दुष्काळात आठवडेच्या आठवडे नळाला पाणी नव्हते. टँकर आला की घागरींची रांग लागे. सोन्याच्या पाळण्यात पाण्याची वानवा का व्हावी?

शहराचा इतिहास शिकवताना आपण बहुधा ते कोणी वसवले, कोणी जिंकले आणि कोणी तट बांधला एवढे सांगतो. शहर कशाच्या बळावर वाढले आणि कशामुळे अडले, हा प्रश्न मागे राहतो. तो विचारण्यासाठी आम्ही या लेखात एका खेळाची मदत घेणार आहोत.

खेळाचे चार नियम

१९९१ साली अमेरिकेतील मायक्रोप्रोझ या कंपनीने 'सिव्हिलायझेशन' नावाचा संगणकीय खेळ बाजारात आणला. सिड मायर आणि ब्रूस शेली हे त्याचे रचनाकार. बुद्धिबळासारखा तो एकेका खेळीने पुढे सरकतो. सुरुवात होते इसवी सनापूर्वी ४००० या वर्षी, आणि आरंभी एका खेळीत वीस वर्षे उलटतात. खेळणाऱ्याने शहरे वसवायची, वाढवायची आणि सांभाळायची. लढाया आहेत, पण आपल्याला येथे शहरवाढीचे नियमच पाहायचे आहेत.

पहिला नियम पोटाचा. शहराभोवतीचे वीस चौकोन आणि मधला एक, अशा एकवीस चौकोनांतून त्याला अन्न मिळते. लोकसंख्येचा प्रत्येक घटक दर खेळीला दोन माप अन्न खातो. खाऊन जे उरते ते कोठारात साठते. कोठार भरले की लोकसंख्या एकाने वाढते. म्हणजे शहर पिकावर नव्हे, शिलकीवर वाढते.

दुसरा नियम तहानेचा. लोकसंख्या दहावर पोचली की कोठार कितीही भरो, शहर पुढे वाढत नाही. त्यासाठी आधी जलवाहिनी बांधावी लागते.

तिसरा नियम वाटणीचा. दोन शहरे जवळजवळ वसवली तर त्यांची वर्तुळे एकमेकांवर येतात, आणि एक चौकोन एका वेळी एकाच शहराला वापरता येतो.

चौथा नियम निगेचा. बांधलेल्या वास्तूसाठी दर खेळीला पैसे मोजावे लागतात. खजिना रिकामा झाला तर ती हातची जाते.

आता हे चार नियम घेऊन आपण जालना जिल्ह्यात येऊ.

भोगवर्धनाची शिल्लक

जिल्ह्यातील सर्वांत जुने मोठे नगर जालना नव्हे, तर भोकरदन. केळना नदीकाठच्या या गावाचे प्राचीन नाव भोगवर्धन. मध्य प्रदेशातील सांचीच्या स्तूपावर दान देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत, त्यांत भोगवर्धनचे रहिवासीही आहेत. सांची येथून सरळ रेषेत सुमारे चारशे किलोमीटर. इतक्या दूरच्या स्तूपाला दान देण्याइतकी शिल्लक या गावातील लोकांपाशी होती.

ती शिल्लक कोठून आली याचा अंदाज १९७० च्या दशकात शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांनी केलेल्या उत्खननातून येतो. तेथे सातवाहनकाळातील वस्तू मिळाल्या. त्यांत हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा एक भाग होता. तिच्याशी विलक्षण साम्य असलेली मूर्ती १९३८ मध्ये इटलीतील पाँपेई येथे सापडली होती. पाँपेई इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले; म्हणजे त्याआधीच दख्खनच्या कारागिरीचा हा नमुना समुद्रापार पोचला होता. ती मूर्ती नेमकी कोठे घडली यावर मतभेद आहेत, पण भोकरदन आणि तेर येथील मूर्तींशी तिचे नाते सगळेच मान्य करतात.

कारागीर शेत पिकवत नाही. त्याच्या ताटातली भाकरी दुसऱ्या कोणाच्या तरी शेतातून यावी लागते. हस्तिदंत कोरणारा माणूस एखाद्या गावात पिढ्यान्‌पिढ्या राहू शकतो याचा अर्थ भोवतालची काळी जमीन शेतकऱ्याचे पोट भरून वर काही देत होती. पुरातत्त्वज्ञ गॉर्डन चाइल्ड यांनी १९५० साली नगरांच्या उदयाची मीमांसा करताना याच शिलकीला मध्यवर्ती स्थान दिले. खेळाचा पहिला नियम तो हाच.

पाच तलावांचे गाव

आता जालन्याकडे वळू. कुंडलिका नदीच्या एका तीरावर जुने जालना आणि पलीकडच्या तीरावर कादराबाद, अशी ही जोडवस्ती. निजाम-उल-मुल्काच्या काळात, १७२५ मध्ये, येथे काबिलखानाने गढी बांधली, तीच मस्तगड. १८२७ च्या सुमारास छावणी वसली. गावाची ही बाजू पुस्तकांत सापडते.

पाण्याची बाजू मात्र शोधावी लागते. जुन्या गॅझेटियरमध्ये नोंद आहे की जमशेदखानाने गावाच्या पश्चिमेला मोती तलाव बांधला, आणि तेथून जमिनीखालून नळ टाकून गावातल्या हौदांत पाणी खेळवले. मुख्य हौद सराईच्या चौकात होता. भरभराटीच्या काळात गावाला पाच तलाव होते, असेही त्यात म्हटले आहे. शेजारी मलिक अंबरने १६१० मध्ये वसवलेल्या खडकीत, म्हणजे नंतरच्या औरंगाबादेत आणि आजच्या छत्रपती संभाजीनगरात, नहरींची जी व्यवस्था झाली ती याच जातीची. पाणी उंचावर साठवायचे आणि उताराने खाली आणायचे.

दुसरा नियम येथे लख्ख दिसतो. ज्या प्रदेशात वर्षाचा सगळा पाऊस सुमारे सातशे मिलिमीटर, आणि तोही बहुतेक चार महिन्यांत, तेथे नदीकाठ असून भागत नाही. उन्हाळ्यात कुंडलिका आटते. जालन्याला गाव म्हणून राहायला विहिरी पुरल्या असत्या. शहर व्हायला तलाव लागले.

आणि चौथा नियमही त्याच गॅझेटियरमध्ये आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही नोंद झाली तोवर ती नळयोजना मोडकळीला आली होती.

उताराचे पाणी, चढाचे पाणी

विसाव्या शतकाच्या आरंभी मनमाड-सिकंदराबाद लोहमार्ग जालन्यावरून गेला. कापूस आता बैलगाडीऐवजी रेल्वेने मुंबईकडे निघाला. खेळाच्या भाषेत, शहराचे वर्तुळ एकवीस चौकोनांबाहेर पसरले. लोकसंख्या वाढू लागली तशी पाण्याची नवी सोय हवी झाली. निजामाच्या राजवटीतच कुंडलिकेवर, शहराच्या वरच्या अंगाला, घाणेवाडीचा तलाव झाला. त्याचे वैशिष्ट्य असे की त्याचे पाणी शहरात उताराने येते. वीज लागत नाही, पंप लागत नाही.

पुढची वाढ मात्र वेगाची होती. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी येथे महाराष्ट्र हायब्रीड सीड्स अर्थात महिको सुरू केली. त्या कामासाठी त्यांना १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. सळयांचे कारखाने आले. १ मे १९८१ रोजी जालना जिल्ह्याचे ठिकाण झाले. शहराची लोकसंख्या १९८१ मध्ये सुमारे सव्वा लाख होती. २०११ च्या जनगणनेत ती २ लाख ८५ हजारांच्या घरात गेली. तीस वर्षांत दुपटीहून अधिक. तलाव तोच होता, किंबहुना गाळाने लहान होत चालला होता.

त्यातच २०१२ चा पाऊस बुडाला. २०१३ चा उन्हाळा सगळ्यांना आठवत असेल: पाण्यावाचून मोसंबीच्या बागा वाळल्या, शहर टँकरवर आले. त्याच वर्षी पैठणच्या जायकवाडी धरणातून जालन्यापर्यंत नळयोजना पूर्ण झाली. ही नवी जलवाहिनी. शहराची कोंडी तिने फोडली, यात शंका नाही.

पण तिचा हिशेब मांडून पाहू. जायकवाडीचा नाथसागर काठोकाठ भरला तर पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे ४६४ मीटर असते. जालना सुमारे पाचशे मीटरवर आहे. पैठण ते जालना सरळ रेषेतले अंतरच ६५ किलोमीटरच्या आसपास. म्हणजे पाणी चढावर न्यायचे आहे. जलकुंभाची उंची धरून आपण ५० मीटर चढ मानू. एक घनमीटर, म्हणजे हजार लिटर पाणी ५० मीटर उचलायला १००० × ९.८ × ५० = ४,९०,००० जूल ऊर्जा लागते. विजेचे एक युनिट म्हणजे ३६ लाख जूल. तेव्हा हे झाले सुमारे ०.१४ युनिट. तीन लाख माणसांना दररोज शंभर लिटर द्यायचे तर ३०,००० घनमीटर पाणी हवे. म्हणजे रोजची किमान चार हजार युनिटे, आणि तीही नळातले घर्षण व पंपातली तूट न धरता. प्रत्यक्षात आकडा बराच मोठा होतो. घाणेवाडीच्या पाण्यासाठी या सदरात शून्य लिहावे लागते.

म्हणून 'मोठे धरण मिळाले, आता जुन्या तलावाचे काय काम' हा विचार महागात पडतो. तलावातून एक घनमीटर गाळ काढला की हजार लिटरला जागा होते. ती जागा एकदाच मिळते असे नाही; तलाव भरेल त्या प्रत्येक वर्षी ती उपयोगी पडते. जालन्यात हे ओळखून नागरिकांनी घाणेवाडी जलसंरक्षण मंच उभारला, तलावातला गाळ उपसला, आणि शेतकऱ्यांनी तो आपल्या शेतांत नेऊन टाकला. तलावाची खोली वाढली, शेताची माती सुधारली. शहराची तहान आणि पोट, दोन्ही नियम येथे एका कामात आले.

एक चौकोन, अनेक शहरे

जायकवाडीचे पाणी एकट्या जालन्याचे नाही. छत्रपती संभाजीनगर तेच पाणी पिते, तिथले कारखाने तेच वापरतात, आणि धरण मुळात शेतीसाठी आहे. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते पायाभरणी झाली ती दुष्काळी मराठवाड्याच्या कालव्यांसाठी. शिवाय वरच्या अंगाला नाशिक आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतील धरणे आहेत. पाऊस कमी झाला की वरून किती पाणी सोडायचे यावरून वाद होतो. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा २००५ चा कायदा अशा टंचाईच्या समन्यायी वाटपासाठीच कामाला येतो.

तिसरा नियम येथे बदलतो. खेळात चौकोन ज्याने आधी धरला त्याचा. खऱ्या खोऱ्यात एकाच चौकोनावर शेतकरी, कारखानदार, वरचे शहर आणि खालचे शहर सगळे उभे असतात. एक शहर वाढते तेव्हा कोणाच्या तरी शेताच्या पाळीचे पाणी कमी होऊ शकते. संगणकाच्या पडद्यावरचे हिरवे चौकोन तक्रार करत नाहीत. माणसे करतात, आणि त्यांनी ती करायलाच हवी.

खेळात नसलेली गोष्ट

खेळ आणि इतिहास यांत आणखी एक मोठा फरक आहे. खेळात पहिल्या खेळीपासून शेवटच्या खेळीपर्यंत खेळणारा एकच असतो. आपण जलवाहिनी का बांधली हे त्याला आठवते. शहराचे तसे नाही. मोती तलाव बांधणारा वेगळा, घाणेवाडी बांधणारे वेगळे, जायकवाडीची योजना करणारे वेगळे. दर खेळीला पटावर नवा माणूस बसतो आणि बहुधा त्याला नवे काही बांधायचे असते. आधीच्याने बांधलेले सांभाळण्यात नाव होत नाही. म्हणून जालन्याच्या पाण्याचा इतिहास म्हणजे दर वेळी अधिक दूरच्या पाण्याकडे जाण्याचा आणि जवळचे पाणी विसरण्याचा इतिहास झाला.

२०२३ मध्ये जालन्याची महानगरपालिका झाली. शहर आणखी वाढणार. ही वाढ सांभाळायची तर मागच्या खेळ्यांची आठवण शहरात कोणीतरी ठेवावी लागेल. ती ठेवण्याची सर्वांत चांगली जागा शाळा आहे, असे आम्हाला वाटते.

वर्गात करून पाहा

त्यासाठी संगणक लागत नाही. चौकटीच्या वहीच्या पानावर मुलांना आपले गाव मध्ये ठेवून भोवती एकवीस चौकोन आखू द्या. कोणत्या चौकोनात काय पिकते, विहीर कोठे, तलाव कोठे, ओढा कोठे, हे त्यांनी घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून भरावे. मग तीन प्रश्न द्यावेत. गावातले जे लोक शेती करत नाहीत त्यांचे धान्य कोठून येते? आजोबांच्या लहानपणी पाणी कोठून येत होते आणि आज कोठून येते? जुन्या पाण्याच्या जागेचे आज काय झाले आहे?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधायला मुलांना बाहेर न्यावे लागेल. एखादी बुजलेली बारव, कचऱ्याने भरलेला हौद, कोणी प्लॉट पाडलेला तलाव सापडेल. कागदावर त्या चौकोनावर खूण करायला सांगा. गावाच्या इतिहासाचे ते एक पान असेल, आणि पुढचा दुष्काळ येईल तेव्हा कदाचित सर्वांत उपयोगी पान.